पट्टीनं हाक मारणाऱ्या बाई

आमच्या बाई माणसाला नावानं हाक मारत नसत, पट्टीनं मारत.

म्हणजे असं, की पेटीवर गाणाऱ्याची एक पट्टी ठरलेली असते. कुणाचा सा काळी एकवर, कुणाचा पांढरी चारवर. बाईंचं म्हणणं, गाणाऱ्याचीच कशाला, बोलणाऱ्याची पण असते की! दूधवाला जिन्यातून ओरडला की बाई आतून ओरडायच्या, "आले रे, काळी एक!" शेजारच्या चाची पांढरी पाच. गॅसची टाकी आणणारा पांढरी दोन, आणि त्याला सर्दी झाली असली की, "आज पांढरी एक झालास, काढा घे." मी काळी पाच. माझं खरं नाव त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण उभ्या आयुष्यात त्यांनी ते एकदाच घेतलं. कधी, ते पुढं येईलच.

बाईंना जन्मापासून दिसत नव्हतं. मलाही दिसत नाही, पाचव्या वर्षी गोवर आला आणि डोळे घेऊन गेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला 'अरेरे' म्हणायचं असलं तर म्हणून घ्या आणि मोकळे व्हा. बाईंना ते 'अरेरे' लई खटकायचं. त्या म्हणायच्या, "जगातली सगळी माणसं अरेरे एकाच चालीत म्हणतात, वरून खाली. एक तरी खालून वर म्हणून दाखवा!"

सगळी नोकरी त्यांनी एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली. रिसिव्हर डाव्या कानाला आणि उजवा हात बटणांवर. ती सवय इतकी हाडात मुरली होती, की समोर माणूस बसला असला तरी त्या डावा कान पुढं करायच्या. नवख्याला वाटायचं, बाईंनी तोंड फिरवलं, रागावल्या. कधी कधी खरंच रागावलेल्या असायच्या, ती गोष्ट वेगळी.

त्या नोकरीतूनच त्यांनी एक नियम घरी आणला होता. चुकीचा फोन जोडला गेला, तर साहेबानं विचारायच्या आत आपणच म्हणायचं, 'माझं चुकलं, परत जोडते.' "चुकलं त्यानं मोठ्यानं सांगायचं," बाई म्हणायच्या, "पुटपुटून सांगितलेली चूक म्हणजे दुसरी चूक."

रिटायर झाल्यावर औरंगाबादला सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात त्यांनी वर्ग काढला. न दिसणाऱ्या पोरापोरींना कॉम्प्युटरवर आवाजाचं संपादन शिकवायच्या. म्हणजे रेकॉर्ड केलेलं गाणं, भाषण कापायचं, जोडायचं, साफ करायचं. पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं, त्याच्या जोरावर हे सगळं चालायचं. बाई त्याला बडबड्या म्हणायच्या.

मी तिथं पोचले ती दुष्काळामुळं. आम्ही देवगाव रंगारीकडचे, मेंढरांवर जगणारे धनगर. लागोपाठ काही वर्षं पावसानं पाठ फिरवली, रानात काडी राहिली नाय, कळप विकला गेला आणि बा चितेगावला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. शहराकडं आलो तरी घरात माझं काम ठरलेलं होतं. ज्वारी निवड, लसूण सोल, आणि कुणी आलं की बाजूला सरकून बस. कंपनीतल्या कुणीतरी बाला बाईंचा वर्ग सांगितला. बा मला हाताला धरून घेऊन गेला आणि दारातच म्हणाला, "बाई, पोरीला दिसत नाय. हिला काय येत बी नाय."

बाईंनी त्याला सोडून मला विचारलं, "तुमची मेंढरं किती होती गं?"

"दीडशे."

"आवाजावरून ओळखायचीस?"

"व्हय."

"सगळी?"

"कोकरं सोडून. कोकरांचा आवाज दर आठवड्याला बदलतो."

बाई खदखदून हसल्या. "अहो दादा, हिला काही येत नाही म्हणता? माझ्या वर्गात डिग्रीवाली मुलं आहेत, त्यांना दोन पेट्यांतला फरक कळत नाही. ठेवून जा हिला. आजपासून ही काळी पाच."

 परत निघताना माझा हात बानं नेहमीपेक्षा जरा उशिरा सोडला.

वर्गाचा पहिला धडा पाण्याच्या दिवशी असायचा. तेव्हाच्या औरंगाबादेत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. बायपासकडं इमारतींवर इमारती उठत होत्या, प्लॉट पडत होते, आणि नळाला मात्र नुसती हवा. ज्या दिवशी पाणी यायचं, त्या दिवशी बाई कॉम्प्युटर बंद ठेवायला लावायच्या आणि आम्हाला नळाखाली रांगेनं बसवायच्या. प्रत्येकापुढं एक घागर. भांडं भरत आलं की पाण्याचा आवाज चढत जातो. ते कानानं पकडायचं आणि काठाला पाणी लागायच्या आत नळ बंद करायचा. बोट घालून बघायला बंदी.

"एक थेंब सांडला तर आजचा चहा बंद!" बाई दम द्यायच्या. "पाणी आठ दिवसांनी येतं, कान रोज लागतो. दोन्ही जपा."

आणि सांगायला अभिमान वाटतो, आम्हा पोरांच्या हातून कधी थेंब सांडला नाही. गल्लीतल्या डोळसांच्या दारात चिखल व्हायचा, आमच्या नाही. चाची म्हणायच्या, "या अल्ला, ये अंधे बच्चे क्या नाप के भरते जी!" बाई आतून उत्तर द्यायच्या, "नाप के नहीं चाची, सुन के!"

आता मुख्य गोष्टीकडं येते.

संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सूर तपासायची सोय असते. गाणारा कुठं चढला, कुठं उतरला, ते पडद्यावर रेघेनं दिसतं. दिसतं, इथंच सगळं अडलं होतं. आम्ही त्या खिडकीत गेलो की बडबड्या म्हणायचा, 'ग्राफिक'. बाण पुढं नेला, 'ग्राफिक'. मागं नेला, 'ग्राफिक'. डोळसाला सगळी रेघ, आम्हाला नुसती तीन अक्षरं!

बाईंनी त्यावर आपली तोड काढली होती. तंबोऱ्याचा एक पक्का सूर गाण्याशेजारी लावायचा आणि दोन्ही एकदम ऐकायचे. दोन सूर जवळजवळ असले, पण एक नसले, की आवाज हेलकावे खातो. एक झाले की हेलकावे थांबतात. बाई म्हणायच्या, "जावाजावांसारखं आहे. लांब राहिल्या तर ठीक, एकजीव झाल्या तर ठीक. मधल्या अंतरात भांडण." पण एका गाण्याला त्या पद्धतीनं अख्खा दिवस जायचा, आणि कुठला स्टुडिओवाला दिवसभर थांबतो?

मग बाईंनी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या परदेशातल्या लोकांना पत्रं लिहायला घेतली. दर शुक्रवारी दुपारी जेवणं झाली, की एक ई-मेल. कचेरीतलं इंग्रजी त्यांच्या अंगात होतं, म्हणून सुरुवात सविनय सादर आणि शेवट आपली आज्ञाधारक. मजकूर दर वेळी तोच: आपली सूर तपासण्याची खिडकी आम्हास वाचता येत नाही, तरी कृपया ती बोलती करावी. तिकडून आपोआप पोच यायची, की आपले मत आम्हास मोलाचे आहे. वर्गातली पोरं हसायची. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू. बाई शांतपणे म्हणायच्या, "कचेरीत मी एकेका साहेबाला चाळीस वेळा फोन लावलाय. एंगेज लागला म्हणून कुणी रिसिव्हर फेकून देतं का?"

दीड वर्षानं एका खऱ्या माणसाचं उत्तर आलं. तिथला कुणी प्रोग्रॅमर होता, डोळस होता. त्यानं विचारलं, रेघ बोलती करायची म्हणजे नेमकं काय करायचं, मला कळत नाही. बाईंनी त्याला काय पाठवावं? घागर भरतानाचं रेकॉर्डिंग! खाली एवढंच लिहिलं, 'हे डोळे मिटून ऐका आणि भरत आलं की मला थांब म्हणा. तुम्हाला जमलं तर तुमच्या सॉफ्टवेअरलाही जमेल.'

दोन महिन्यांनी त्या माणसानं सॉफ्टवेअरला जोडायचं एक छोटं जोडकाम पाठवलं. गाण्यात हवं तिथं बाण थांबवायचा, एक बटण दाबायचं, की बडबड्या सुराचं इंग्रजी नाव सांगणार आणि किती चढा, किती उतरता तेही. सूर तंतोतंत असला तर 'झीरो'. आम्ही त्याला मीटर म्हणायला लागलो. ज्या दिवशी तो पहिल्यांदा बोलला, त्या दिवशी वर्गात अशी काही आरडाओरड झाली, की चाची धावत आल्या, "क्या हुआ, पानी आया क्या?"

बाईंना मात्र एकच राग. पांढरी सहा आली की बडबड्या म्हणायचा, 'ए'. "मला 'ए' म्हणतो मेला! एवढी नोकरी केली, साहेबसुद्धा 'अहो बाई' म्हणायचे."

त्या मीटरच्या नव्या उत्साहात माझ्या हातून एक घोळ झाला. एका शाळेची प्रार्थना साफ करून द्यायची होती. बडबड्याचा आवाज वेगळा ठेवायचा असतो, ते मी विसरले आणि तोही रेकॉर्डिंगमध्ये गेला. शाळेत सकाळी प्रार्थना लागली, आणि शेवटच्या कडव्याच्या आधी खणखणीत आवाज आला, 'सेव्ह ॲज'. पोरांना वाटलं प्रार्थनेतच आहे. आठवडाभर अख्खी शाळा हात जोडून 'सेव्ह ॲज' म्हणत होती!

बाईंना कळलं तेव्हा त्या पोट धरधरून हसल्या. मला वाटलं, सुटले. कुठली सुटते! दुसऱ्या दिवशी सकाळी मला रिक्षात घालून शाळेत नेलं आणि माईकपुढं उभं केलं. सगळ्या पोरांसमोर मला म्हणावं लागलं, "माझं चुकलं."  मागून बाईंचा आवाज, "काळी पाच, मोठ्यानं!"

त्याच वर्षी उन्हाळ्यात ती घागर सांडली.

पाण्याचा दिवस होता. शेवटची घागर बाई स्वतः भरत होत्या, आम्ही कट्ट्यावर. मला आवाज चढलेला ऐकू आला. आता बंद करतील, आता करतील, म्हणून मी वाट बघत होते, आणि पाणी काठावरून खाली धो धो. चाची ओरडल्या, "अजी बाई, पानी! पानी जा रहा जी!" बाईंनी घाईनं नळ बंद केला. म्हणाल्या, "बोलण्याच्या नादात राहिलं." पण त्या बोलत नव्हत्या. कुणीच बोलत नव्हतं. त्या दिवशी बाईंनी चहा घेतला नाही, आणि मी कुणाला काही म्हणाले नाही.

पुढच्याच आठवड्यात माझी परीक्षा होती. गारखेड्यात एक स्टुडिओ होता, त्याच्या मालकाला संपादनाला माणूस हवा होता. बाईंनी माझं नाव टाकलं. मालक म्हणाला, "बाई, सूर तर पडद्यावर बघून दुरुस्त करतात. हिला कसं जमणार?" बाई म्हणाल्या, "घेऊन बघा." हा मालक अवघड काम असलं की बाईंना बोलावून घ्यायचा, त्याच्या लेखी बाईंचा कान म्हणजे देवघर. त्यानं अट घातली, की एका गायिकेची भजनं आहेत, त्यातल्या चुकलेल्या जागा हिनं काढायच्या, आणि बरोबर की चूक ते बाई सांगतील.

मला ते काम पाहिजे होतं. लई पाहिजे होतं. लसूण सोलून आणि बाजूला सरकून मला जन्म काढायचा नव्हता.

मी कानानं ऐकलं, शंका आली तिथं मीटरला विचारलं, आणि पाच जागा काढल्या. मग बाईंनी हेडफोन घेतला, एकच बाजू, डाव्या कानाला, फोनसारखी. एकेक जागा ऐकून म्हणत गेल्या, बरोबर, बरोबर, बरोबर. पाचही. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आणि शेवटच्या भजनातला वरचा सूर? तो चढलाय. तो कसा सुटला तुझ्याकडून?"

 तो सूर मी दोनदा ऐकला होता. तो चढला नव्हता.

"बाई, तो बरोबर आहे."

मालक हसला. "वा! बाईंच्या पुढं बोलते."

"चढलाय," बाई म्हणाल्या.

"नाय, बाई."

"मग मीटरला विचार."

माझं बोट बटणावर होतं, पण दाबवेना. मला घागर आठवत होती. मीटर काय सांगणार, ते मला ठाऊक होतं. 'हो बाई, चढलाय, माझ्याकडून सुटला' म्हटलं असतं तर बाईंचा मान राहिला असता. माझं काम गेलं असतं, आणि त्या गायिकेचा चांगला सूर मोडला गेला असता. आणि खरं सांगते, तरी मी तेच म्हणणार होते.

"दाब म्हणते ना!"

दाबलं. बडबड्या म्हणाला, "ए. झीरो."

"परत."

"ए. झीरो."

बाईंनी हेडफोन डाव्या कानावरून काढला आणि उजव्याला लावला. "आता गाणं लाव." मी लावलं. त्यांनी तो सूर ऐकला, परत डाव्यानं ऐकला, परत उजव्यानं. मालकाच्या खुर्चीचा आवाज आला. तो पडद्याजवळ जाऊन रेघ बघत होता. 

मग बाई उठून उभ्या राहिल्या. कचेरीत बोलायच्या तशा, स्पष्ट, मोठ्यानं म्हणाल्या, "माझं चुकलं. माझा डावा कान गेलाय, वरचे सूर चढे ऐकवतो, अगदी वरचे ऐकवतच नाही. घागर सांडली तेव्हाच मला शंका आली होती. हिचे दोन्ही शाबूत आहेत." आणि माझं नाव घेतलं. माझं, घरचं, बानं ठेवलेलं नाव, बाच्या आडनावासकट. "हिला उद्यापासून कामावर घ्या."

मला रडू फुटलं. बाई वसकन ओरडल्या, "मायक्रोफोन चालू असेल तर? बाहेर जाऊन रड!"

रिक्षात मी म्हटलं, "बाई, तुम्ही मागं लागून तो मीटर करून घेतला, आणि त्यानं पहिलं तुम्हालाच..." त्या म्हणाल्या, "मग? खरं सांगायला मागवलं होतं की माझी आरती करायला?"

त्यानंतर बाईंनी एक काम काढलं. त्या प्रोग्रॅमरनं सोय ठेवली होती, की बडबड्याच्या इंग्रजीऐवजी आपल्या आवाजात नावं भरता येतील. "माझा कान गेलाय, गळा नाही," म्हणून बाई माझ्या स्टुडिओत आल्या. बारा सुरांची बारा नावं, आणि प्रत्येक नाव त्याच सुरात गायलेलं. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन... एका दमात गाऊन संपवली.

"चुकलं का कुठं?" त्यांनी विचारलं.

नियम त्यांचाच होता. मी म्हटलं, "व्हय बाई. वरचे तीन उतरलेत. कान चढं ऐकवतोय, म्हणून गळा खाली आलाय."

"मग बसलीस काय? कर दुरुस्त. मीटर कशाला आहे?"

मी पांढरी सहा वर घेतली. पांढरी सात घेतली. मधली राहिली तिथं माझा हात थांबला.

"का थांबलीस?"

"बाई, ही काळी पाच आहे. ही तुमची मला मारायची हाक आहे."

"म्हणून काय बेसूर ठेवणार? हाक तर सुरातच पाहिजे!"

केली. अगदी झीरोवर आणून ठेवली.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. शहराचं नाव बदललं, बायपासच्या पलीकडं आणखी एक शहर झालं, पाणी अजून आठवड्यानंच येतं. तो मीटर आता कुठल्या कुठल्या देशांत न दिसणारी माणसं वापरतात, आपापल्या भाषेतल्या आवाजात. माझ्या कॉम्प्युटरवर मात्र बाई आहेत. दिवसभर गाणी तपासते, बाण सुरासुरावर थांबत जातो आणि बाई सांगत जातात. माझ्या सुरावर बाण आला की म्हणतात, "काळी पाच." कितीही कामात असले, तरी माझ्या तोंडून निघून जातं, "ओ, बाई."